आमच्या घरचा इंच

दुकानात कोट बिघडला आहे, हे मला उंबरठा ओलांडण्यापूर्वीच कळले, कारण शिलाईची मशिने बंद होती. चार मशिने एकाच वेळी गप्प बसली की समजावे, कोणीतरी मोठा घोळ घातला आहे आणि उरलेल्यांना तो कान देऊन ऐकायचा आहे.

आत गेले, तो आरशासमोर आमचे जावई उभे. अंगात करड्या लोकरीचा नवा कोट आणि चेहरा लालबुंद. कोटाच्या दोन्ही कडा ते एकमेकींकडे ओढीत होते, आणि त्या कडा भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींचे तोंड पाहायला तयार नव्हत्या. मध्ये चांगले चार बोटे अंतर होते.

"श्वास सोडा," मी म्हटले.

"सोडलाच आहे, आई. परत घेता येत नाहीये."

आमचे जावई कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतात. आम्ही त्यांना घरात प्रोफेसरच म्हणतो. मुलीने त्यांना पसंत केले तेव्हा ‘नीती शिकवतात’ एवढे ऐकून मी होकार दिला. नीती नावाची वस्तू जगात नाही असे ते शिकवतात, हे लग्नानंतर कळले. परवा त्यांचे मोठ्या सभागृहात व्याख्यान व्हायचे होते. विषय असा, की चांगले आणि वाईट ही माणसांनी आपल्या सोयीने पाडलेली नावे आहेत आणि ती मोजायला बाहेर कुठेही पट्टी ठेवलेली नाही. हे सांगण्यासाठी त्यांना नवा कोट हवा होता.

कोटाच्या शिवणीत सोडायला जास्तीचे कापड नव्हते, आणि त्या ताग्यातले मूठभर कापडही उरले नव्हते. पण माझे लक्ष कोटाकडे राहिले नाही. कापायच्या टेबलाशी मास्तर उभे होते आणि त्यांनी आपली मोठी कात्री फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली होती.

त्याचा अर्थ दुकानात प्रत्येकाला ठाऊक होता. दुकान हाती घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी नियम केला होता. ज्याच्या हातून आख्खा कोट वाया जाईल, त्याने कात्री खाली ठेवायची आणि वर्षभर दाराशेजारच्या काज-बटणांच्या टेबलावर बसायचे. त्या टेबलावर नवखी माणसे बसतात. माझ्या सख्ख्या दिराला मी तिथे बसवले होते. ते तीन दिवस बसले, चौथ्या दिवशी बिऱ्हाड हलवून गेले आणि अजूनही माझ्याशी बोलताना भिंतीकडे पाहून बोलतात. जो नियम दिरासाठी वाकला नाही, तो मास्तरांसाठी कसा वाकणार? आणि मास्तर तर मी या घरात सून म्हणून आले त्याच्याही दोन वर्षे आधी त्या टेबलाशी उभे राहिलेले.

"बाईसाहेब," मास्तर म्हणाले, "काजांना डोळे लागतात. या वयात ते माझ्याच्याने होणार नाही. मी आपला घरीच बसतो."

"बसण्याचं मी सांगेन. आधी चौकशी होईल," मी म्हटले आणि खुर्ची ओढून घेतली. "माप कोणी घेतलं?"

"मी घेतलं, आई," सूनबाई म्हणाली. "छाती अडतीस, पोट छत्तीस. मोठ्यानं वाचलं आणि मापाच्या वहीत लिहिलं."

"कापलं कोणी?"

"मीच. दुसरं कोण कापणार?" मास्तर म्हणाले. "अडतीस-छत्तीसच कापलं. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही."

"म्हणजे माप बरोबर, कापणी बरोबर आणि कोट तेवढा चुकला. मग अंगच चुकलं म्हणायचं!"

"आई, मुळात ‘चूक’ हा शब्दच जरा तपासून..." प्रोफेसर आरशातून बोलू लागले.

"तुम्ही आधी कोट काढा. गुदमरलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान मी ऐकत नाही."

कोट काढायला दोन माणसे लागली. मोकळा श्वास मिळताच जावयांना विचारांचीही उबळ आली.

"हे पाहा आई, मास्तरांनी वहीतलं कापलं. वहिनींनी टेपवरचं लिहिलं. प्रत्येकाने जे केलं ते त्याच्या आधीच्या गोष्टीमुळे केलं. ही एक साखळी आहे. साखळीतल्या कुठल्या कडीला तुम्ही शिक्षा देणार?"

"जिला तोंड आहे आणि तरीही जी गप्प आहे, तिला," मी म्हटले. माझे लक्ष मास्तरांच्या ‘डोळे लागतात’ या शब्दांवर अडले होते.

आमच्या दुकानात टेप एकच. सकाळी ती माझ्या गळ्यातून सूनबाईच्या गळ्यात जाते, तिने मापे घेतली की मास्तरांकडे जाते आणि दुकान बंद करताना माझ्याकडे परत येते. दुसरी टेप या घरात येऊ द्यायची नाही, हा माझा दंडकच होता. ती कापडी टेप मी सूनबाईच्या गळ्यातून काढली आणि मास्तरांसमोर धरली.

"माझं बोट आहे तो आकडा वाचा."

मास्तरांनी टेप लांब धरली, जवळ आणली, उजेडाकडे वळवली. "एकवीस," ते ठामपणे म्हणाले.

आकडा सत्तावीस होता, आणि टेप उलटी धरलेली होती.

कोणी हसले नाही. सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"मग छत्तीस कुठे पाहिलंत, मास्तर?"

मास्तरांनी बराच वेळ खिशाशी चाळा केला आणि शेवटी खिशातून एक पिवळीधमक नवी टेप काढली. तिच्यावर मुंगळ्याएवढे काळे आकडे होते.

"मी दिली, आई," सूनबाई घाईने म्हणाली. "कालच. जुनीवरचे आकडे पुसट झालेत, त्यांना दिसत नाहीत. तुम्हाला सांगणार होते, पण मास्तर नको म्हणाले."

"आणि चष्मा? तो का नाही लावला?"

"तुम्हीच म्हणाला होतात, बाईसाहेब," मास्तर खाली पाहत म्हणाले. "कापणाऱ्याच्या नाकावर चष्मा दिसला की गिऱ्हाईक कापड काखोटीला मारून परत जातं."

म्हटले होते. वाक्य इतके चांगले जमले होते, की मी ते आल्यागेल्याला ऐकवत असे.

"पण आई," सूनबाईने विचारले, "टेप दोन असल्या तरी इंच एकच ना? मग कोट का बिघडावा?"

या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत गप्प बसण्याची बुद्धी माझ्या जावयांना झाली असती, तर ही कथा इथेच संपली असती आणि मास्तर घरी गेले असते. पण त्यांनी दोन्ही टेप उचलल्या आणि शेजारी शेजारी ताणून धरल्या. आमच्या जुन्या टेपचा छत्तीसावा इंच नव्या टेपच्या अडतीसाव्याशी येऊन बसला होता.

"वा!" प्रोफेसर ओरडले. माणूस नाचायचाच बाकी राहिला होता. "पाहिलंत? हिच्या मते मी छत्तीस, तिच्या मते मी अडतीस. खरं कोण? ठरवायला तिसरी टेप आणाल, तर तीही एक टेपच! परवा मी दुसरं काय सांगणार आहे? आई, या दोन्ही टेप मला व्याख्यानाला द्या."

"तिसरी आहे, साहेब," मास्तर सावकाश म्हणाले.

"कुठे?"

"या टेबलाच्या कडेला. मोठ्या मालकांनी लोखंडी पट्टी ठोकली होती, इंचाच्या खुणा पाडलेली. बाईसाहेबांनी वर ही गादी बसवली, तेव्हापासून दिसत नाही. बारा वर्षं झाली असतील."

सूनबाईने पक्कड आणली. गादी मी चांगली सोळा खिळ्यांनी बसवली होती. प्रत्येक खिळा कुरकुरत निघाला, आणि प्रत्येक खिळ्याला मला काहीतरी बोलावेसे वाटले, पण बोलले नाही. गादी उचलली. माझ्या सासऱ्यांची पट्टी गंजाचा एक ठिपकाही न लागता तशीच बसली होती. प्रोफेसरांनी दोन्ही टेप तिच्यावर टाकल्या. पिवळी टेप खुणेला खूण जुळवून पडली. आमची दोन इंच पुढे पळाली.

"लोखंडी पट्टी तरी शेवटी एक..." प्रोफेसरांनी सुरुवात केली.

"कोट घालून पाहता का पुन्हा?" मास्तरांनी अदबीने विचारले.

प्रोफेसर कोटापासून एक पाऊल मागे सरले.

"आई," सूनबाई म्हणाली, "ही गादी तुम्ही का बसवली होती?"

"पट्टीची कड कापडाला लागत होती."

"मग कड घासून घेतली असती."

या मुलीला मी पंधरा वर्षे शिकवले आहे. चांगले शिकवले, हे त्या क्षणी लक्षात आले. चहा आला होता आणि निवत होता. मी सांगून टाकले.

टेप कापडी, रोज ओढली जाणारी, म्हणून लांबली होती. बारा वर्षांपूर्वी एकदा मी ती सहज पट्टीवर टाकली आणि फरक पाहिला. त्याच दिवशी फेकून देणार होते. पण दुपारी छापखान्याचे मालक आले. ते देहाने भरदार, आणि दुसरीकडे बेचाळीस ऐकून रुसून आलेले. मी त्याच टेपने माप घेतले आणि मोठ्याने म्हटले, "चाळीस." गृहस्थ नवऱ्या मुलासारखा लाजला आणि एका कोटाच्या जागी तीन सांगून गेला. कपडे अंगाला बसत चपखल, कारण मापही त्याच टेपचे आणि कापणीही त्याच टेपची. खोटा बोले तो फक्त आकडा, आणि तोही गोड. गावात माणसे वयाप्रमाणे सुटत होती. आमच्या दुकानात मात्र बारा वर्षांत कोणी जाड झाले नाही.

"मग यात वाईट काय झालं?" प्रोफेसर उत्साहाने पुढे सरकले. "गिऱ्हाईक खूश, कपडे बेतशीर, कोणाचं नुकसान नाही. तुमच्या घरचा इंच तुमच्या घरी खराच होता! आई, तुम्ही तर माझ्या व्याख्यानातलं उत्तम उदाहरण आहात."

आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ नावे ठेवली आहेत. उदाहरण कोणी म्हटले नव्हते.

"वाईट काय, ते मी सांगते," मी म्हटले. "वाईट नव्हतं, तर मी गादी कशाला ठोकली असती? आणि ती सुद्धा सगळे जेवायला गेल्यावर, दाराला आतून कडी घालून? तुमच्या सभागृहातल्या लोकांना विचारा, सोळा खिळे कोणी सोयीसाठी ठोकतं का."

"पण त्यातही तुमचा काय दोष? धंदा तुमच्या रक्तातच आहे. वहिनींचा स्वभाव मऊ, मास्तरांचे डोळे वयाने थकले. यातलं कोणी काही निवडलं नाही. कोणाकडेच दोष जात नाही. म्हणजे मास्तरांनाही घरी जायला नको. झालं ना सगळ्यांचं भलं?"

मला वाटले, मास्तरांचा जीव भांड्यात पडेल. पण ते एकदम ताठ झाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला.

"थांबा, साहेब. माझ्या हातून कोट आपोआप बिघडला म्हणता. मग पन्नास वर्षं जे कोट नीट उतरले, तेही आपोआपच उतरले का?"

"तसं... तर्काने पाहिलं तर..."

"तर तुमचा तर्क तुमच्यापाशी ठेवा. माझी चूक माझ्याकडे राहू द्या. ती तुम्ही उचलून नेलीत, तर मागचं सगळंच न्यावं लागेल, आणि ते मी देणार नाही. टेप बदलली मी, लपवली मी. कात्री मी ठेवतो."

"टेप मी आणली होती," सूनबाई पुढे झाली. "मी आईंना सांगितलं असतं, तर हे झालंच नसतं. मला बसवा काजांवर."

"तुम्ही मधे पडू नका, धाकट्या बाई."

"का पडू नको? सगळं काय तुमच्याच एकट्याच्या मालकीचं आहे?"

सकाळी ज्या चुकीला कोणी वाली नव्हता, तिच्यावर आता दोघे हक्क सांगत होते. मशिनांवरच्या बायका तर माना वळवून वळवून दमल्या होत्या. एवढ्यात प्रोफेसर खाकरले.

"आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "माप घेताना मी पोट आत ओढलं होतं."

"किती?" मास्तरांनी धंद्याच्या गांभीर्याने विचारले.

"जमेल तितकं."

"पण का, भावजी?" सूनबाई म्हणाली.

"तुम्ही आकडा मोठ्यानं वाचणार होतात ना!"

मशिनांकडून खुसखुस आली आणि मी नजर टाकताच थांबली. मी उठले. निवाडा बसून देऊ नये.

"मास्तरांनी टेप एक दिवस लपवली, लाजेपोटी. मी विचारताच खिसा उघडला. सूनबाईने एक दिवस लपवलं, दुसऱ्याच्या डोळ्यांपायी. प्रोफेसरांनी पोट लपवलं. ते त्यांचं त्यांना लखलाभ, कोटाने त्यांना शिक्षा दिलीच आहे. पण आमची टेप लांबलेली आहे, हे या दोघांना ठाऊक असतं, तर हा कोट बिघडता का, मास्तर?"

मास्तर कात्रीवरच्या फडक्याची गाठ चाचपू लागले.

"तुम्ही आयुष्यात कधी मला उत्तर द्यायला उशीर केला नाहीत."

"नसता बिघडला," ते पुटपुटले.

"ठाऊक कोणाला होतं?"

नियम माझाच होता. त्यात ‘मालकीण सोडून’ असे मी कुठे म्हटले नव्हते. खरे सांगायचे तर, पळवाट मी शोधून पाहिली. कोट माझ्या हातून कापला गेला नव्हता, असे म्हणता आले असते. पण मग दिरांचे भिंतीकडे पाहून बोलणे मला मुकाट्याने रास्त मानावे लागले असते, आणि तेवढी माझी तयारी नव्हती.

मी फडके सोडले, कात्री मास्तरांच्या हातात दिली आणि म्हटले, "उद्यापासून चष्मा."

"आणि गिऱ्हाईक परत गेलं तर?"

"दारातच अडवीन. काजांचं टेबल दाराशीच आहे."

"आई!" सूनबाईचा आवाज चिरकला. "वर्षभर?"

"नियमात काय सहा महिने लिहिलंय?"

कोटाचे मास्तरांनी निभावून नेले. दोन्ही कुशींना गडद कापडाची उभी पट्टी जोडली, लोखंडी पट्टीवर मोजून आणि चष्मा लावून. प्रोफेसरांना सक्त ताकीद दिली, की माप देताना माणसाने माणसासारखे उभे राहायचे. व्याख्यान त्यांनी बदलले नाही. मुलगी सांगते की टाळ्या पडल्या, आणि नंतर तीन माणसांनी नीतीबद्दल व सात जणांनी कोटाच्या नव्या तऱ्हेबद्दल विचारले.

खरी परीक्षा पुढे होती. पिवळी टेप सूनबाईच्या गळ्यात आली आणि आठवड्याभरात सारे गाव दोन-दोन इंच वाढले. औषधांच्या दुकानाचे मालक तर आरशासमोरून थेट माझ्या टेबलाशीच आले.

"हा काय प्रकार आहे? गेल्या साली मी चौतीस होतो. या तुमच्या सूनबाई छत्तीस म्हणतात!"

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मदतीला आली नाही.

"गेल्या सालीही आपण छत्तीसच होतात," मी म्हटले. "आम्ही चौतीस सांगत होतो. चूक माझी आहे."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "अहो, मग तेच सांगत राहायचं होतंत की!" असे म्हणून कापड उचलून चालते झाले. चार दिवसांनी तेच कापड घेऊन परत आले. दुसरीकडेही छत्तीसच निघाले असावे.

काजे मी तीस वर्षांत केली नव्हती. आज दुपारी सूनबाईने माझा नग खिडकीशी नेला, तिरपा धरला आणि माझ्यासमोर ठेवला.

"आई, तिसरं काज वाकडं आहे."

मी ते डोळ्यांजवळ धरले. ढग आल्याने उजेड कमी होता, दोरा हलका होता आणि हात सत्तरीचा होता. तिन्ही कारणे खरी होती. काजही वाकडे होते.

"उसवा," ती म्हणाली. मी तिला जसे सांगत असे, अगदी तशा आवाजात.

मास्तर चष्म्यावरून पाहत होते.

"तुम्ही आपलं कापड बघा," मी त्यांना म्हटले, आणि उसवायला घेतले.